शेंगा मोजून, पाला फुकट

बेळगावच्या भाजीबाजारात शेवग्याच्या शेंगा मोजून विकतात. पाच-सहा शेंगांची जुडी बांधलेली असते, आणि लग्नसराईच्या दिवसांत जुडीतली एखादी शेंग कमी भरली तर तिच्यावरून घासाघीसही चांगली रंगते. मात्र त्याच मावशीकडे शेवग्याचा पाला मागावा, तर ती क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहत राहते. "पाल्याचं कसलं पैसं घ्यायचं मास्तर? न्या की तसाच," हे उत्तर आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. तिच्या लेखी पाला म्हणजे शेळीचे खाद्य. आणि गंमत अशी, की बाजारातून बाहेर पडून मुख्य रस्त्याला लागावे, तो एखाद्या औषधाच्या दुकानात काचेआड हाच पाला वाळवून, दळून, सुबक बाटलीत भरून ठेवलेला दिसतो. बाटलीवर 'मोरिंगा' हे नाव असते, हसऱ्या तरुणीचे चित्र असते, आणि किंमत अशी असते की तेवढ्यात एखाद्या लहान कुटुंबाची आठवड्याची भाजी यावी.

फुकटच्या पाल्याकडे पाठ फिरवणारे घर आणि बाटलीतल्या भुकटीला अमृत मानणारे घर ही दोन्ही आपल्याच गल्लीत असतात. कित्येकदा ती एकच असतात. म्हणून या पाल्याविषयी जे निश्चितपणे सांगता येते ते एकदा नीट मांडावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम नावांविषयी. या मासिकाची वाचक-कुटुंबे ज्या ज्या मुलखात स्थिरावली, त्या त्या मुलखाने या झाडाला आपले नाव दिलेले आहे. आम्ही बेळगावकर शेवगा म्हणतो, पण शेजारची कानडी अक्का शेंगेला 'नुग्गेकायी' म्हणते आणि पाल्याला 'नुग्गे सोप्पु'. गोव्यात तो मशिंग होतो आणि त्याच्या पाल्याची भाजी 'मस्काची भाजी' म्हणून पानात येते. वडोद्यातील आमचे स्नेही त्यास 'सरगवो' म्हणतात, इंदूरकडे 'सुरजना', ग्वाल्हेरीस 'सहजन', तर हैदराबादच्या बाजारात पाला हवा असल्यास 'मुनगाकु' म्हणावे लागते. पूर्व विदर्भात आणि छत्तीसगडात 'मुनगा' हेच नाव चालते. संस्कृतात शिग्रु आणि शोभांजन ही दोन प्रमुख नावे. आपला शेवगा आणि जुना मराठी शब्द 'शेगट' हे शिग्रूच्या कुळातले, तर उत्तरेतला सहजन हा शोभांजनाचा वंशज. आणि बाटलीवरचे ते परदेशी भासणारे 'मोरिंगा'? तेही परदेशी नव्हेच. तमिळ 'मुरुंगै' आणि मल्याळम 'मुरिंगा' या नावांवरून वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते घेतले, आणि बियांत तेल असते म्हणून त्यास 'ओलिफेरा', म्हणजे तैलधारी, हे विशेषण जोडले. झाडाची जन्मभूमी वायव्य भारतातील हिमालयाच्या पायथ्याची मानली जाते. तेव्हा नाव आपले, झाड आपले. बाटली तेवढी नवी.

आपल्या ग्रंथकारांचा या झाडाशी परिचय फार जुना आहे. चरकाने घाम आणण्याच्या क्रियेस साहाय्य करणाऱ्या द्रव्यांत शोभांजनाला स्थान दिले. सुश्रुताच्या वरुणादी गणात शिग्रु आणि मधुशिग्रु ही दोन्ही नावे येतात. भावप्रकाशाने श्याम, श्वेत व रक्त असे तीन प्रकार सांगितले असून त्याच्या बियांना 'श्वेतमरिच', म्हणजे पांढरी मिरी, असे नाव दिले आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने जे पदार्थ वर्ज्य करावेत त्यांत मध, मांस, भूछत्रे यांच्या जोडीला शिग्रुकाचे नाव आहे. अरण्यात राहून इंद्रियनिग्रह करणाऱ्याला मुद्दाम मनाई करावी लागली, यावरून गृहस्थांच्या घरी तो आवडीने खाल्ला जात असावा, असा अर्थ आम्ही लावतो. गृहस्थाने तो खुशाल खावा.

खावा म्हणजे कसा खावा, हा प्रश्न आता आला. आणि येथे कोकणाला मान दिला पाहिजे. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूच्या घरांत गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी ही केवळ भाजी नसते, तो त्या दिवसाचा नेम असतो. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचे सांबार आणि ही भाजी, असे ते ठरलेले ताट. घाट चढून बेळगावात येऊन तीन-तीन पिढ्या झालेली कुटुंबे आम्ही पाहतो. त्यांच्या बोलण्यातला मालवणी हेल गेला, गावची शेती गेली, पण अष्टमीच्या आदल्या दिवशी शेवग्याची फांदी शोधत फिरणे गेलेले नाही. इकडे आंध्र-तेलंगणात आषाढ महिन्यात मुनगाकु आवर्जून खाण्याची चाल आहे. आषाढ आणि श्रावण, दोन्ही पावसाचे महिने. पावसात जमिनीलगतच्या पालेभाज्या चिखलाने माखतात, कुजतात, त्यांवर किडी पडतात. अशा वेळी उंचावर पावसाने धुतलेला, नव्याने फुटलेला पाला ज्या झाडावर मिळतो, त्याला पूर्वजांनी सणाच्या ताटात नेऊन बसवले, यात आम्हांस मोठे व्यावहारिक शहाणपण दिसते.

भाजीची कृती अवघड नाही, परंतु निवडणे जिकिरीचे असते, आणि पाला घरोघरी मागे पडण्याचे खरे कारण ते निवडणेच होय. एवढी एवढी पाने, आणि प्रत्येक पानाला काडी. काडी राहिली तर ती दातांत येते आणि मुले ताट बाजूला सारतात. यावर आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायकांचा एक उपाय होता, तो येथे सांगून ठेवतो. संध्याकाळी डहाळ्या स्वच्छ धुऊन, पाणी पूर्ण निथळू देऊन, एका सुती कापडात सैल गुंडाळून ठेवाव्यात. सकाळी कापड उघडून डहाळ्या नुसत्या झटकल्या की बहुतेक पाने आपोआप गळून पडतात. मात्र ओल राहिली तर पाने काळी पडतात, आणि दुसरी रात्र तर मुळीच काढू नये.

चार मोठ्या मुठी निवडलेल्या पाल्याला पाव वाटी मुगाची किंवा तुरीची डाळ तासभर आधी भिजवून घ्यावी. तेलात मोहरी, हिंग, सुकी किंवा हिरवी मिरची यांची फोडणी करून त्यात डाळ परतावी, पाण्याचा हबका मारून ती अर्धी शिजली की पाला घालावा. पाला घातल्यावर झाकण ठेवू नये. झाकणाखाली त्याचा रंग जातो आणि कडवटपणा वाढतो. पाच-सात मिनिटांत तो मऊ होतो. मग मीठ, चिमूटभर गूळ आणि मूठभर ओले खोबरे. सणाचा दिवस नसेल तर फोडणीत कांदा आणि ठेचलेली लसूणही चालते. कोकणात आणि गोव्यात या भाजीत फणसाच्या आठळ्या फोडून घालतात. उन्हाळ्यात माती लावून राखून ठेवलेल्या त्या आठळ्यांची पिठूळ गोडी आणि पाल्याचा किंचित कडसरपणा यांची जोडी ज्याने जमवली, त्याला आमचा नमस्कार.

आमच्या सीमाभागात हीच भाजी थोडी कोरडी, तुरीच्या डाळीची, ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. म्हैसूरकडे ती तांदळाच्या पिठात मळून रोटी थापतात. तमिळ घरांत डाळ-तांदळाच्या जाडसर अडैमध्ये पाला मुक्त हस्ते घालतात. हैदराबादच्या वाचक-भगिनींनी 'मुनगाकु पप्पू' शेजारणीकडे चाखलेच असेल. ते आपल्या डाळीचेच भावंड. तेथील सुकी पोडीही करून पाहण्याजोगी आहे. पाला मंद आचेवर कुरकुरीत होईतो परतून, भाजलेली डाळ, सुक्या मिरच्या, लसूण आणि चिंचेच्या बुटुकासह कुटावा; गरम भातावर तूप आणि ही पोडी असली म्हणजे दुसरे कालवण लागत नाही. तुपावरून आठवले. दक्षिणेत लोणी कढवताना शेवटी शेवग्याची एक डहाळी त्यात सोडण्याची पद्धत आहे. आपण विड्याचे पान टाकतो, ते शेवग्याचे टाकतात. तुपाला सुवास येतो आणि तळाशी राहिलेली कुरकुरीत पाने खाण्यावरून मुलांत भांडण जुंपते. गुजरातेत शेंगांची चण्याच्या पिठातली भाजी प्रसिद्ध आहे, परंतु पाल्याचे कौतुक तितकेसे नाही. तेथील आमच्या बांधवांनी मुठिये आणि थेपले यांत मेथीच्या जागी निम्मा शेवग्याचा पाला घालून पाहावा. फुलांचीही भाजी होते. माळव्यात ती करतात, आणि बंगालात तर वसंत ऋतूत देवीच्या साथीपासून रक्षण व्हावे या श्रद्धेने ती खातात. पण फुले खाल्ली की शेंगा गेल्या, हा हिशेब ज्याने त्याने पाहावा.

इतके गुणी झाड, तरी ते दारात नको, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यावर भुते राहतात, ही समजूत दक्षिणेत सर्वत्र आहे. तमिळ म्हणींतला वेताळ तर पुनःपुन्हा याच झाडावर जाऊन बसतो. आमचा अनुभव असा, की अशा समजुतींच्या मुळाशी बहुधा एखादे साधे कारण असते. शेवग्याचे लाकूड अतिशय ठिसूळ. दिसायला जाडजूड फांदी मुलाच्या वजनानेही काडकन मोडते, आणि शेंगांसाठी चढलेला पोर हातपाय मोडून घेतो. दुसरे, पावसाळ्यात याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे चिकटलेले असतात. त्यांचे केस अंगाला लागले तर दिवसभर खाज जात नाही. मुलांना फांदीची ताकद समजावून सांगण्यापेक्षा भुताची भीती घालणे आयांना सोपे गेले असावे.

दुसरी बदनामी आमच्या गोष्टींच्या पुस्तकांनी केली. आळशी कुटुंबाच्या दारी शेवग्याचे एक झाड असते. शेंगा विकून ते कसेबसे पोट भरतात, उद्योग मात्र कोणी करीत नाही. घरी आलेला पाहुणा रातोरात झाड तोडून निघून जातो, आणि निरुपायाने का होईना, ती माणसे कामाला लागून सुखी होतात. ही गोष्ट आम्ही अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. एकदा सातवीतल्या एका मुलीने ती ऐकून विचारले, "सर, झाड तोडण्यापेक्षा त्यानं आणखी चार फांद्या का नाही लावून दिल्या?" तात्पर्य सांगण्याच्या तयारीत असलेले आम्ही त्या दिवशी तात्पर्य न सांगताच तास संपवला.

त्या मुलीच्या वयाच्या मुलींविषयीच आता थोडे लिहायचे आहे, कारण या लेखाचे खरे निमित्त तेच आहे. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत उन्हात पाच-दहा मिनिटे उभे राहिल्यावर चक्कर येऊन खाली बसणाऱ्या मुली प्रत्येक शाळेत असतात. शिक्षक पाणी देतात, "सकाळी काही खाल्लं नाहीस ना?" म्हणून रागावतात, आणि विषय संपतो. पण तिच्या पापणीची आतली बाजू पाहावी, तर ती पांढुरकी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील फेरीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे बाकावर बसलेल्या दहांपैकी सहा. या सर्व गरिबाघरच्याच असतात असेही नव्हे. चांगल्या खात्यापित्या मराठी घरांतल्या, डबा अर्धा परत नेणाऱ्या मुलीही त्यांत असतात.

येथे शेवगा किती उपयोगी पडतो? हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्था या कामी आपली मोठी आधारभूत संस्था होय. ती १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादेस आली. भारतीय अन्नपदार्थांतील घटकांची कोष्टके ती प्रसिद्ध करीत आली आहे. २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने, ३१४ मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. जुन्या कोष्टकांत चुन्याचा आकडा ४४० होता. जमीन, जात, पानाचे वय आणि तपासणीची पद्धत यांनुसार असा फरक पडतो. त्यात कोणी कोणाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात चुना १२० मिलिग्रॅमच्या आतबाहेर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे लहान आकडाही लहान वाटत नाही. ज्या पिवळ्या रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, त्याचा तर हा पाला खजिनाच आहे. प्राचीनांनी शिग्रूला डोळ्यांस हितकर म्हटले; रातांधळेपणाचे एक मोठे कारण अ जीवनसत्त्वाचा अभाव हे आज ठाऊक असल्यामुळे त्या म्हणण्याचे मर्म कळते.

परंतु लोहाच्या बाबतीत हिशेब चोख मांडला पाहिजे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी शिफारस आहे. एका वाटी भाजीत पन्नास ग्रॅम पाला गेला असे धरले, तर त्यातून सव्वादोन मिलिग्रॅम लोह मिळते. म्हणजे गरजेचा दहावा हिस्साही नाही. शिवाय वनस्पतीतील लोह शरीर फार थोडे शोषून घेते. भाजीवर लिंबू पिळले, सोबत आवळा किंवा पेरू खाल्ला, तर शोषण वाढते. जेवणावर लागलीच चहा घेतला तर ते घटते. तेव्हा नुसत्या शेवग्याने रक्त भरेल, असे आम्ही कोणत्याही आईला सांगणार नाही. शाळेत आठवड्याला दिली जाणारी निळी गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते, ती मुलीने जेवणानंतर घेतलीच पाहिजे. पुष्कळ मुली मळमळते म्हणून ती खिडकीबाहेर टाकतात, आणि घरून "गोळ्या कशाला, आम्ही शेवग्याची पावडर देतो" असा निरोप येतो. हा निरोप आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. भाजी ही गोळीची सवत नव्हे. गोळी उणीव भरून काढते, आणि डाळ, कडधान्य, पाला, फळे यांचे रोजचे ताट ती पुन्हा पडू नये म्हणून असते.

आमच्या शाळेच्या आवारात शेवग्याची तीन झाडे आहेत, आणि 'अक्षर दासोह' योजनेच्या मध्यान्ह भोजनात त्यांचा पाला अधूनमधून सांबारात जातो. सुरुवातीस मुले एकेक पान बोटाने काढून ताटाच्या कडेला चिकटवीत. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी वाद घातला नाही. पाला डाळीबरोबर शिजवून रवीने घोटला. डाळ हिरवट दिसू लागली, पण कडेला चिकटवायला पान उरले नाही. ज्यांच्या घरी असे पान काढणारे आहेत, त्यांनी हा मार्ग अवलंबावा. पाला तेलाच्या फोडणीत किंवा खोबऱ्यासह शिजवणे केवळ चवीसाठी नसते, हेही सांगून ठेवतो. ते पिवळे रंगद्रव्य स्निग्ध पदार्थाच्या संगतीनेच अंगी लागते.

बाटल्यांवरील जाहिरातींकडे आता वळू. दुधाच्या इतक्या पट चुना, पालकाच्या इतक्या पट लोह, संत्र्याच्या सात पट क जीवनसत्त्व, असे त्यांत छापलेले असते. यातील चलाखी शाळकरी मुलानेही ओळखावी अशी आहे. ताज्या पाल्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. ते उडवून लावले की उरलेल्या भुकटीत प्रत्येक घटक चौपट दाट होतो, आणि मग त्या सुक्या भुकटीची तुलना ओल्या पालकाशी आणि पातळ दुधाशी करायची! शंभर ग्रॅम भुकटी कोण खातो? चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम भुकटीत चुना फार तर शंभर मिलिग्रॅम. पेलाभर दुधात त्याच्या दुपटीहून अधिक. क जीवनसत्त्वाचा दावा तर आणखी विनोदी. तो आकडा ताज्या पाल्याचा आहे. वाळवताना त्यातील बहुतेक जीवनसत्त्व नाहीसे होते, आणि बाटलीवर मात्र ताज्या पाल्याची कीर्ती मिरवते. भुकटी वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. जेथे झाड नाही अशा बहुमजली घरांत ती सोयीची आहे, आणि घरीही करता येते. पाला सावलीत, हवेशीर जागी, कापडावर पसरून कडकडीत वाळवावा, आणि भरडून कणकेत वा भाजणीत मिसळावा. उन्हात वाळवला तर रंगाबरोबर गुणही उतरतो.

घरगुती औषध म्हणून या पाल्याचे जे उपयोग आपल्याकडे चालत आले, त्यांतील काही निरुपद्रवी आणि सुखावह आहेत. मुरगळलेल्या पायाला पाला वाफवून गरम गरम बांधणे, डोके दुखत असता पाल्याच्या रसात मिरे उगाळून कपाळाला पातळ लेप देणे, सर्दीत पाल्याचे मिरे-लसूण घातलेले कढण पिणे, यांनी कोणाचे वाईट झाल्याचे ऐकिवात नाही. लेपाने कातडी चुरचुरू लागल्यास तो धुऊन टाकावा, एवढेच. बाळंतिणीला अंगावर दूध यावे म्हणून पाल्याचे कढण देण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि दूर फिलिपीन्समध्येही आहे. तेथे या पाल्याला 'मलुंगाय' म्हणतात आणि कोंबडीच्या रश्श्यात तो घालतात. तेथील वैद्यांनी लहान प्रमाणावर याचे प्रयोगही करून पाहिले आणि त्यांचे निष्कर्ष अनुकूल आले. तथापि पाल्याचा रस मधात घालून डोळ्यांत सोडण्याचा जुना उपाय ग्रंथांत असला, तरी आज कोणी करू नये. डोळा हा घरी प्रयोग करण्याचा अवयव नव्हे.

आणि पाला वेगळा, मूळ व साल वेगळी, हा भेद तर कोणत्याही स्थितीत विसरू नये. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या खानसाम्यांनी शेवग्याचे झणझणीत मूळ किसून विलायती 'हॉर्सरॅडिश'च्या जागी वापरले खरे. पण मुळात आणि मुळाच्या सालीत विषारी द्रव्ये असतात, आणि गर्भवतीला ती देणे म्हणजे गर्भ धोक्यात घालणे होय. शिजवलेल्या पाल्याची भाजी नेहमीच्या प्रमाणात खाण्यास कोणाची सहसा हरकत नसते. मात्र रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्यांनी हा पाला, किंबहुना कोणतीही गडद हिरवी पालेभाजी, एकदम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

मधुमेहावर शेवगा चालतो का, हा प्रश्न आम्हांस सर्वाधिक वेळा विचारला जातो. माणसांवर झालेले प्रयोग थोडे आहेत, लहान आहेत आणि त्यांचे निकाल एका दिशेचे नाहीत. आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ, स्वभावाने अत्यंत नेटके, रोज पहाटे फिरणारे. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी साखरेच्या गोळ्या बंद करून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे भुकटी सुरू केली. "नैसर्गिक आहे, अपाय नाही," हे त्यांचे पालुपद. चार महिन्यांनी पायाला चप्पल लागून झालेली जखम भरेना. तपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली, आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. भुकटीने त्यांचे काही बिघडवले नाही. बिघडवले ते थांबवलेल्या गोळ्यांनी. आता ते गोळ्या घेतात आणि शेवग्याची भाजीही खातात. दोन्ही एकत्र सुखाने नांदतात.

ज्यांना अंगण आहे, किंवा घराजवळ हातभर सार्वजनिक मोकळी जागा आहे, त्यांच्यासाठी लागवडीविषयी लिहून थांबतो. बियांपासून लावायचा असल्यास तमिळनाडूच्या पेरियाकुलम येथील फलोद्यान महाविद्यालयाने १९८९ मध्ये प्रसारित केलेला 'पीकेएम-१' हा वाण सहा-आठ महिन्यांत शेंगा देऊ लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण रुचिरा'ही चांगला आहे. पण ज्या झाडाच्या पाल्याची चव माहीत आहे, त्याचीच फांदी आणून लावणे आम्हांस अधिक आवडते. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी मृगाच्या पावसात, हात-दीड हात खोल खड्ड्यात उभी करावी. वरचे कापलेले टोक शेणाने लिंपावे, म्हणजे पाणी शिरून कुजत नाही. जागा भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर असावी. पाणी साचत असेल तर तेथे लावूच नये; शेवगा दुष्काळ सोसतो, चिखल सोसत नाही.

झाड छातीभर उंच झाले की शेंडा खुडावा, आणि दरवर्षी शेंगांचा हंगाम संपल्यावर ते बेलाशक छाटावे. मुरुंगै मोडून वाढवावी आणि मूल मारून वाढवावे, अशी एक तमिळ म्हण आहे. तिचा उत्तरार्ध आम्ही आमच्या शाळेत चालू दिलेला नाही, पण पूर्वार्ध शंभर टक्के खरा. छाटलेल्या झाडाला हाताशी येणाऱ्या कोवळ्या फांद्या फुटतात. मुलांना वर चढावे लागत नाही, आणि पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने पाला खुडता येतो. पावसाळ्यात खोडावर सुरवंट जमलेले दिसले की संध्याकाळी चिंधीच्या पलित्याने ते सावधपणे जाळावेत किंवा साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा. झाड तोडण्याचे कारण नाही. पहिले वर्षभर मात्र भोवती काट्यांचे कुंपण हवे, कारण कोवळ्या फुटव्यावर शेळी टपलेली असते.